गज राहिला, चेलो गेला

१

बुधवारी चार वादकांच्या चौकडीला सुट्टी होती, तरी टेइको आला. त्याने गुरूंच्या घरामागच्या सरावाच्या खोलीचं कुलूप काढलं आणि कोपऱ्यात उभी असलेली चेलोची पेटी आडवी केली. उचलतानाच ती हलकी लागली होती, पण माणूस खटके उघडेपर्यंत स्वतःची समजूत घालतच राहतो. पेटीत चेलो नव्हता.

तारांवर फिरवायचा गज होता. झाकणाच्या आतल्या बाजूला, नेहमीच्या जागी नीट अडकवलेला. राळेचा खडा होता, पुसायचं फडकंही घडी घालून ठेवलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी गुरू आताआ क्वायेंनी स्वतःच्या मांडीवरून उचलून टेइकोच्या हाती दिलेला चेलो तेवढा गेला होता.

टेइकोने पहिला फोन ओडार्लेला केला आणि फोन उचलल्यावर त्याच्या तोंडून शब्दच फुटेना.

"अरे, बोल ना! कोण गेलं?"

"चेलो," तो म्हणाला.

ओडार्ले चौकडीत व्हायोला वाजवायची आणि पोटासाठी अक्रातल्या एका विमा कंपनीत नोकरी करायची. दुकान जळालं की जाळलं, गाडी चोरीला गेली की मेव्हण्याच्या अंगणात उभी आहे, हे हुडकून काढणं तिचं काम होतं. लोक तिच्याशी खोटं बोलायचे आणि ती ते हसतमुखाने लिहून घ्यायची. लग्न केलं नव्हतं. घरीदारी एवढं खोटं ऐकवणार नाही, असं ती म्हणायची.

ती अक्राच्या कडेला, तेशीला पोचली तेव्हा टेइको अंगणातल्या कडुनिंबाखाली गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. कोळ्याचा मुलगा, दांडगा, सहा फूट उंच. पण त्या दिवशी तो एवढासा दिसत होता. आवो डेडे त्याच्या शेजारी उभी होती आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती आताआ क्वायेंची बायको. नुकतीच बाहेरून आली असावी, पायांवर रस्त्याची धूळ तशीच होती.

"काय म्हणायचं बाई याला," ती पुटपुटली. "काय म्हणायचं!"

पुढच्या शुक्रवारी विमान होतं. पोर्तुगालमध्ये, ब्रागा नावाच्या गावी, जगभरातल्या बारा चौकड्यांची स्पर्धा होती आणि त्या बारांत तेशीची ही एक होती. पस्तिशीच्या पुढे कुणाला प्रवेश नव्हता. ओडार्लेला नोव्हेंबरात पस्तीस पुरी होत होती, म्हणजे या चौघांना दुसरी संधी नव्हती. दुसरा चेलो अक्रात मिळाला असता, नाही असं नाही. पण पाच वर्षं चौघांनी ज्या आवाजाशी स्वतःचे आवाज जुळवले होते, तो उसना मिळत नाही.

त्यात आताआ गावात नव्हते. पोलीस बँडचे निवृत्त मास्तर. खिशात पेनाऐवजी सूर जुळवायचा नादकाटा ठेवायचे आणि चौघांनाही धाकात ठेवायचे. खोकला बळावला तशी हवापालटासाठी ते दोदोवाला बहिणीकडे गेले होते. जायचं ठरलं तेव्हा बजावलं होतं, "भेटायला याल तर दार उघडणार नाही. बक्षीस घेऊन या, मग उघडीन." आवो त्यांच्याशी रोज फोनवर बोलायची आणि संध्याकाळी मक्याचं केंके वाढता वाढता निरोप सांगायची. पहिलं व्हायोलिन घाई करतंय. दुसरं व्हायोलिन लाजतंय. संथ भागाची सुरुवात टेइकोने एवढी दाबून करू नये. चौघं माना डोलवायचे.

"आताआंना कळवलंस?" ओडार्लेने विचारलं.

आवोने डोक्याचा रुमाल घट्ट केला. "कळवीन," ती म्हणाली. "संध्याकाळी."

२

संध्याकाळपर्यंत उरलेले दोघेही आले. सोवा पहिलं व्हायोलिन वाजवायचा आणि बँकेत असायचा. चौकडीतही तो मॅनेजरसारखाच वागायचा. सेलोर्म दुसऱ्या व्हायोलिनवर होती. ती व्होल्टा नदीपलीकडची, एवे जमातीची, बोलण्यात तिचा हात कुणी धरत नसे.

गावात बंदीचा महिना चालू होता. मका पेरला की तो उगवेपर्यंत देवांना शांतता लागते, म्हणून ढोल बंद, कर्णे बंद, मयताचा आक्रोशही बंद, चर्चमध्ये टाळ्यासुद्धा बेताच्या. चौकडीही वाद्यांच्या घोडीवर आवाज दबवणाऱ्या रबरी टोप्या चढवून सराव करत होती.

"आमच्याकडे देव ढोलाशिवाय उठत नाही," सेलोर्म नेहमी म्हणायची, "आणि तुमच्या गा लोकांच्या देवाला पाय वाजला तरी जाग येते. म्हातारं झालंय बहुतेक."

त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. सोवा खोलीत येरझारा घालत होता. "पोलिसांत जाऊ."

"जाऊ," ओडार्ले म्हणाली. "मला आधी दोन दिवस दे."

"दोन दिवसांत काय वाजवायचं? हवा?"

"संथ भागाची सुरुवात वाजवू," सेलोर्म म्हणाली. "तिथे पहिल्या दोन ओळी ओडार्ले एकटीच असते. चेलो गप्पच असतो. आपल्याला चेलोशिवाय येतं असं तेवढंच आहे."

टेइको उठून बाहेर गेला. सेलोर्मने जीभ चावली. मग राग कुणावर तरी काढायचा म्हणून ती सोवाकडे वळली. "आणि तू रे? गेल्या आठवड्यात चुलतभावाला फोन केलास ना? 'तयारीत राहा' म्हणालास. मी ऐकलंय. तो चेलोच वाजवतो ना?"

सोवाचा चेहरा उतरला. ओडार्लेने त्याला दंडाला धरून कडुनिंबाखाली नेलं.

"खरं सांग. मी उद्या शोधून काढणारच आहे, मग तुला आणखी लाज वाटेल."

"केला फोन," सोवा म्हणाला. त्याचा मॅनेजरी आवाज पार गेला होता. "टेइकोचं काय चाललंय दिसत नाही तुला? दोन आठवडे धड जेवत नाही. वाजवता वाजवता डोळे मिटतो आणि उघडायचं विसरतो. परदेशात ऐन मंचावर कोसळला तर? मी त्याला विचारलं, तर म्हणाला, झोप होत नाही. म्हणून भावाला सांगून ठेवलं. टेइकोला काढायला नाही गं. तो आजारी पडला तर बाकीच्यांच्या मेहनतीचं पाणी होऊ नये म्हणून."

"आणि चेलो?"

"भावाकडे स्वतःचा आहे. आताआंचा चोरून मी काय करू? बँकेच्या तिजोरीत ठेवू?"

ओडार्लेला ते पटलं. सोवा कुरकुऱ्या होता, पण त्याचा सूर कधी खोटा लागत नसे.

ती परत खोलीत आली आणि रिकाम्या पेटीसमोर मांडी घालून बसली. तिचं सगळं लक्ष त्या गजावर होतं. विकणारा चोर असता तर त्याने गज सोडला नसता, गजालाही बरे पैसे येतात. वाजवणारा असता तर गजावाचून काय नुसता कुरवाळत बसणार होता? आणि कुणाला चौकडीचं वाटोळंच करायचं असतं, तर एक लाथ पुरली असती. पेटी तर जागच्या जागी उभी, खटके लावलेले, फडक्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणजे नेणाऱ्याला वाटत होतं की हे कुणाला कळूच नये. आणि कळू नये असं त्यालाच वाटतं, ज्याला वस्तू परत आणून ठेवायची असते.

चेलो हवा, पण त्याचा आवाज नको. असा माणूस कोण असेल, ते तिला काही केल्या सुचेना.

३

गल्लीच्या तोंडाशी अडोटे बसायचा. बंदी कुणी मोडतंय की काय यावर लक्ष ठेवायला देवस्थानच्या वतीने नेमलेला माणूस, दिवसभर स्टुलावर बसून एकटाच सोंगट्यांचा डाम खेळायचा आणि दोन्ही बाजूंनी फसवायचा. बंदीच्या पहिल्याच आठवड्यात तो चौकडीच्या खोलीत शिरला होता आणि रबरी टोप्या हातात घेऊन तपासून गेला होता.

गुरुवारी सकाळी ओडार्ले त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आमचा चेलो तुम्ही उचललात असं लोक म्हणतात."

"कोण लोक?" अडोटेने सोंगटी हलवली. "अगं पोरी, मी वस्तू जप्त करतो तेव्हा दिवसाढवळ्या करतो. पुढच्या दाराने जातो, ओरडतो, गल्ली गोळा करतो. मग तुम्ही श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या आणि एक मेंढा घेऊन माफी मागायला येता. गुपचूप चोरून मला काय मिळणार? मेंढा कोण देणार?"

"तेही खरंच."

"खरंच म्हणजे? खरंच आहे! आणि ते तुमचं लाकडी बाळ मला आवडतं. टोपी घालूनसुद्धा पोटात घुमतं माझ्या. क्वायेंना सांगू नकोस."

"मंगळवारी सकाळी आमचा सराव झाला. त्यानंतर इथेच होतात?"

"मंगळवारी कोळी समुद्रावर जात नाहीत, सगळे गल्लीत. मी हलणार कुठे?"

"अनोळखी कुणी आलं? हातगाडी, टॅक्सी?"

"माशी आली तरी मला कळतं. कुणी नाही." त्याने स्वतःचीच एक सोंगटी मारली आणि खूश झाला. "दुपारी आवो डेडे तेवढी गेली, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन. भलं मोठं. मी म्हटलं, 'आवो, या वयात? आणा इकडे.' तर म्हातारी खेकसली माझ्यावर. हात लावू देईना. आणि चालत होती कशी, सांगू? काठोकाठ भरलेला पाण्याचा हंडा असावा डोक्यावर, अशी. पाऊल जपून टाकत होती."

ओडार्ले पटावर वाकली. तिने त्याची एक सोंगटी उचलली, योग्य घरात ठेवली आणि त्याचा डाव जिंकून दिला.

कपड्यांचं गाठोडं पडलं तर धुळीने मळतं, एवढंच. त्याच्यासाठी कुणी एवढं जपून चालत नाही.

४

गुरुवारी संध्याकाळी आवोने केंके, तळलेली मासळी आणि मिरचीचं वाटण मांडलं. टेइकोने दोन घास खाल्ले आणि हात धुतला. आवोने ते पाहिलं आणि नजर वळवली.

"आताआंशी बोलले मी," ती म्हणाली. "म्हणाले, घाबरू नका. चेलो मिळेल. शनिवारपर्यंत नक्की मिळेल म्हणाले."

सोवा आणि सेलोर्म एकमेकांकडे बघत राहिले. टेइको मान खाली घालून म्हणाला, "होय, आवो."

"आताआंना शनिवार कसा कळला?" ओडार्लेने विचारलं.

"त्यांना कळतं," आवो घाईने म्हणाली. "तुला ठाऊक नाही होय त्यांचा स्वभाव?"

ओडार्लेला तो स्वभाव चांगलाच ठाऊक होता. आताआ कधी 'घाबरू नका' म्हणायचे नाहीत. ते 'घाबरा' म्हणायचे. मंचावर जो घाबरत नाही तो झोपलेला असतो, असं त्यांचं मत. गेल्या दोन आठवड्यांतले निरोप तिने एकेक करून आठवले. घाई करू नका, लाजू नका, दाबून वाजवू नका. आणि मग तिच्या हातातला घास हातातच राहिला.

संथ भागाची सुरुवात टेइकोने एवढी दाबून करू नये.

पण त्या सुरुवातीला टेइको वाजवतच नाही! दोन ओळी ती एकटी असते. आताआंनी तो तुकडा चौघांकडून शेकडो वेळा घोटून घेतला होता. ते स्वतःचं नाव विसरले असते, पण चेलो कुठे गप्प असतो हे विसरले नसते. रबरी टोपी चढवलेला व्हायोला भिंतीपलीकडून चेलोसारखा ऐकू येतो. स्वयंपाकघरात बसून ऐकणाऱ्या माणसाची तिथे फसगत होते. तो निरोप दोदोवाहून आलाच नव्हता. तो चुलीशी तयार झाला होता.

"आवो, सुई आहे का गं?" ती म्हणाली. "बाही उसवली माझी."

"कपाटावरच्या डब्यात बघ."

डब्यात सुया होत्या, रिळं होती, बटणं होती. आणि रिळांच्या खाली, आताआंच्या जुन्या रुमालात गुंडाळलेला, नादकाटा होता. तो खिशात असल्याशिवाय आताआ अंघोळीलासुद्धा जायचे नाहीत, असं आवोच चेष्टेने सांगायची.

ओडार्लेने झाकण लावलं. सुई न घेताच ती बाहेर आली. आवो तिच्याकडे पाहत होती. त्या नजरेत चोरी पकडल्याची भीती नव्हती, नुसती विनवणी होती. ओडार्लेने आजवर शेकडो खोटारडे पाहिले होते, पण असं कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

ती ट्रोट्रो व्हॅनची वाट न पाहता चालत निघाली. डोकं बंद पडलं की ती चालायची. समुद्राच्या कडेच्या रस्त्यावर सुतारांची दुकानं ओळीने होती, आणि दारांत त्यांचा माल मांडलेला. माणसाहून मोठा तांबडा मासा, गलेलठ्ठ कांदा, एक विमान, एक बूट. तेशीत माणूस आयुष्यभर जे करतो त्याच्याच आकाराच्या शवपेटीतून जातो. कोळी माशातून, कांदेवाली कांद्यातून. लहानपणापासून ती या रस्त्याने जात होती आणि तिने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आज ती माशासमोर थबकली.

चेलो हवा, पण त्याचा आवाज नको. नुसता आकार हवा.

"अगं आई गं," ओडार्ले म्हणाली आणि पळत सुटली.

५

ओक्पोटी सुताराचं दुकान ओळीत शेवटचं. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. फोटोवरून त्याला काम जमत नसे. मासा करायचा तर तो बाजारातून मासा आणायचा आणि हातांनी चाचपून कोरायचा. त्याने मागचं दार उघडलं आणि ओडार्लेला पाहून बाजूला झाला.

"तू येशील असं क्वाये म्हणाला होता," तो म्हणाला. "म्हणाला, ती व्हायोलावाली नाक खुपसणार."

आत टेबलावर आवोचं ठेवणीतलं कापड अंथरलं होतं आणि त्यावर टेइकोचा चेलो होता. अंगावर ओरखडा नाही. शेजारी जमिनीवर दुसरा, त्याच्या दुपटीने मोठा, पांढऱ्या कच्च्या लाकडाचा. त्याचे खांदे, कंबर, मानेवरची गोगलगाईसारखी गुंडाळी, सगळं उतरलं होतं. मान थोडी राहिली होती, रंगही लागायचा होता.

ओडार्ले खाली बसली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. ओक्पोटी तिच्याजवळ लाकडाच्या ओंडक्यावर टेकला.

"कधी?" तिने विचारलं.

"बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात. दोदोवाला जाणार होताच तो; निघायच्या आदल्या दिवशी गेला. इथेच, माझ्या स्टुलावर बसून आधी सगळं सांगून ठेवलं होतं त्याने. म्हणाला, 'बंदीत माझा अंत्यविधी तसाही होणार नाही. ढोलाशिवाय मला कोण पुरणार? थंडघरात पडून राहीन. मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही. पण पोरांना कळलं तर ती जाणार नाहीत. टेइको तर नक्कीच नाही. ती परत येईपर्यंत मी जिवंत आहे, समजलास?' मी म्हटलं, बरं बाबा, आहेस."

"आणि आवो?"

"तिच्याकडून वचन घेतलं. घरातली दोन वडीलधारी, ती आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. दर बुधवारी ती थंडघराबाहेर जाऊन बसते. आत जात नाही, नुसती बसते. परत येऊन तुम्हाला केंके करून घालते." त्याने चेलोच्या कडेवरून बोटं फिरवली. "शनिवारच्या आत परत ठेवायचा होता. बुधवारी सुट्टी, गुरुवारी तुम्ही पेटी उघडण्याआधी ती काहीतरी निमित्त काढणार होती. तो पोरगा सुट्टीच्या दिवशी येईल हे कुणाला ठाऊक?"

"मग दुरुस्तीला दिला म्हणायचं होतं."

"कुणाकडे दिला म्हणणार? माझं नाव घेतलं की तेशीतल्या पोरालाही कळतं कोण गेलं ते. तिची बोबडीच वळली."

ओडार्लेने डोळे पुसले. आवोने एकटीने चेलो डोक्यावर घेऊन भर दुपारी गल्लीतून नेला होता, आणि गाठोडं घेतलेल्या म्हातारीकडे कोण बघतं?

"वचन मोडू नकोस गं तिचं," ओक्पोटी म्हणाला. "तुझं काम खरं शोधायचं. शोधलंस. आता परत येईपर्यंत गप्प बस."

"टेइकोला बाप नाही, आजोबा. जो होता तो हा." तिने पांढऱ्या लाकडाकडे पाहिलं. "त्याला न सांगता त्याच्याकडून वाजवून घ्यायचं? आणि बक्षीस घेऊन आल्यावर म्हणायचं, हे बघ, इतके दिवस तू मेलेल्याचे निरोप ऐकत होतास?"

म्हाताऱ्याने पटाशी उचलली आणि परत खाली ठेवली.

"मान अजून पुरी व्हायचीय," तो हळूच म्हणाला. "उद्याचा दिवस राहू देशील?"

तिने चेलो राहू दिला.

६

शनिवारी सकाळी चेलो पेटीत होता. चौघं जमले तेव्हा ओडार्लेने घसा खाकरला आणि आयुष्यातला पहिला खोटा अहवाल सादर केला. मागचा जोड सुटत होता, आवोच्या लक्षात आलं, तिने एका ओळखीच्या सुताराकडे दिला, सुताराला गज नको होता, आणि म्हातारी सांगायला विसरली.

"विसरली?" सोवा म्हणाला. "आम्ही इथे छाती पिटत असताना?"

"घाबरली."

"ओडार्ले," सेलोर्म हळूच म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही गं. तू ते फक्त ऐकायचं शिकलीस."

टेइको पुढे झाला. त्याने चेलो मांडीत घेतला, कान टेकवून तारा छेडल्या, मग तो जरासा पालथा केला. आवाजाच्या भोकातून चिमूटभर पांढरा भुसा त्याच्या तळहातावर पडला. तो तेशीत वाढलेला. त्याने भुसा बोटांनी चोळून पाहिला.

"पूर्ण झाली का?" त्याने विचारलं.

"काय?" ओडार्ले म्हणाली.

"आताआंची पेटी."

सोवाने हातातलं व्हायोलिन खाली ठेवलं.

"तुला ठाऊक होतं?" ओडार्ले म्हणाली.

"मी म्हणे संथ भागाची सुरुवात दाबून करतो." टेइको हसायचा प्रयत्न करत होता आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. "तिथे मी गप्प असतो. हे आताआ विसरले, याचं एकच कारण असू शकतं ना? त्या दिवसापासून ठाऊक आहे. चेलो कुणी नेला ते मात्र खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं, आता तेवढंही गेलं."

"आणि दोन आठवडे तू गप्प राहिलास? रोज बसून निरोप ऐकलेस?"

"ती एवढ्या कष्टाने रचून आणायची गं. दिवसभर भिंतीला कान लावून ऐकायची आणि संध्याकाळी त्यांच्या ढंगात बोलायचा प्रयत्न करायची. मी 'होय, आवो' म्हटलं की तिच्या जिवात जीव यायचा. मी कसा सांगू तिला?"

दाराशी भांडं वाजलं. आवो डेडे परात घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे.

"मी वचन दिलं होतं त्यांना," ती म्हणाली. "एकच गोष्ट मागितली त्यांनी माझ्याकडे. तुम्ही जाल का आता? नाही ना जाणार?"

सोवा काहीतरी बोलणार होता, पण टेइको आधी उठला. त्याने तिच्या हातातली परात काढून घेतली आणि सेलोर्मकडे दिली. मग तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"जाणार आवो. चौघंही जाणार. त्या माणसाने मरणसुद्धा आपल्या वेळापत्रकात बसवलं, आणि आम्ही विमान चुकवायचं? परत आल्यावर त्यांना आम्हीच खांद्यावर नेऊ. तुझं वचन मोडलं नाही. आम्ही ठाऊक असूनही जातोय."

"नक्की?"

"नक्की. तुझं काम झालं." त्याने तिच्या डोक्यावरचा रुमाल सोडला. खाली केस उरले नव्हते. विधवेसारखे तिने ते केव्हाच उतरवले होते. "आता तू रड. इतके दिवस तुला रडता आलं नाही ना? आता रड, आम्ही आहोत."

आवो डेडेने त्याच्याकडे पाहिलं. मग एवढे आठवडे कोंडलेला हंबरडा तिने फोडला. बंदीच्या गप्प गावात तो टोकापर्यंत गेला असणार. भिंतीवरच्या कोंबड्या उडाल्या, शेजारची दारं उघडली. टेइको तिला कवेत धरून उभा होता आणि तोही मोठ्याने रडत होता. सेलोर्मने परात जमिनीवर ठेवली आणि त्या दोघांना जाऊन बिलगली. मागोमाग ओडार्ले, आणि शेवटी सोवा.

गल्लीतून धावत येणारी पावलं ऐकू आली. बंदी मोडली होती. अडोटे दारात आला, हात वर करून ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याला आवोचं उघडं डोकं दिसलं.

त्याने हात खाली घेतला. मागे गोळा झालेल्या माणसांना खुणेनं थांबवलं. मग त्याने चपला काढल्या आणि तो उंबऱ्यावर बसला. तिचं रडून होईपर्यंत त्याने आत कुणाला येऊ दिलं नाही.